परत आलेली खोकी

तळावरच्या दुकानाच्या मालकाने काउंटरवर दोन खोकी ठेवली आणि त्यातलं छोटं मास्तरांच्या बाजूला सरकवलं.

"हे घ्या. इथे हेच चालतं."

मास्तर आणि त्यांची बायको दुपारीच आपली घरगाडी घेऊन अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या या तळावर आले होते. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली गाडी. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, सगळा संसार. आदल्या मुक्कामी वीज कोसळली तेव्हा गाडीला वीज देणाऱ्या बाहेरच्या खांबावर लावलेला त्यांचा जुना प्रोटेक्टर जळाला. स्वतः जळला, पण फ्रिज वाचवला. त्या फ्रिजमध्ये मास्तरांचं इन्सुलिन होतं. नवा प्रोटेक्टर घेतल्याशिवाय खांबाला वायर जोडायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं आणि मास्तरांनी चक्क ऐकलं होतं.

बाईंनी मोठ्या खोक्याबद्दल विचारलं. मालकाने काही लपवलं नाही. छोटं यंत्र एकदम उसळून आलेली वीज तेवढी अडवतं, बाकी कशात नाक खुपसत नाही, तो म्हणाला. मोठं जरा शिष्ट आहे. आधी खांबातलं वायरिंग तपासतं, अर्थिंग आहे का बघतं आणि काही खटकलं की वीज आत सोडतच नाही.

"मग चांगलंच की," बाई म्हणाल्या.

"चांगलंच आहे. पण इथे नाही चालत."

त्याच्या मागे मोठी खोकी थेट छतापर्यंत रचलेली होती. प्रत्येकाची चिकटपट्टी एकदा काढून पुन्हा लावलेली. ही सगळी बिघडलेली का, असं बाईंनी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. लोक घेऊन जातात, थोड्या वेळाने परत आणून देतात, तो वाद घालत नाही. तुम्ही आणलंत तरी घेईन, असंही म्हणाला.

बाईंनी मोठंच घेतलं.

मास्तरांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ते हसत म्हणाले, "एवढी सगळी बिघडलेली असणं कठीण. म्हणजे एकही बिघडलेलं नसेल." चार पावलं चालल्यावर त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी विजेच्या खांबांच्या रांगेकडे पाहिलं.

खांबावर यंत्र लावल्या लावल्या लाल दिवा पेटला. वीज आत गेली नाही. बाईंनी सोबतचा कागद चष्मा लावून वाचला. लाल म्हणजे खांबाला अर्थिंग नाही. अशा वेळी गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते, शिवू नका. मास्तरांनी यंत्र उचलून बाजूच्या रिकाम्या खांबावर लावलं. लाल. त्याच्या पुढच्यावर लावलं. तिथेही लाल. आपापल्या गाड्यांपुढे खुर्च्या टाकून बसलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. काय चाललंय, असं कुणीही विचारलं नाही.

"आपण निघू या," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी सूर्याकडे पाहिलं. पुढचा तळ डोंगरापलीकडे होता आणि अंधारात गाडी चालवणं त्यांच्या डोळ्यांना आता झेपत नव्हतं. फ्रिजमधला बर्फ तर केव्हाच वितळला होता. कागदावर काय, कंपन्या अंग काढून घ्यायला काहीही छापतात, असं म्हणून त्यांनी यंत्र खोक्यात भरलं. बाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मग इन्सुलिनची बाटली हातात घेतली. ती कोमट लागली, तशी त्यांनी खोक्यावर चिकटपट्टी पुन्हा लावून दिली.

मास्तर छोटं यंत्र घेऊन परत आले. मालकाने एका शब्दाने विचारलं नाही, असं ते म्हणाले. खोकं वर चढवायला स्टूल मांडूनच बसला होता. या यंत्राला हिरवा दिवा लागला. गाडीत पंखा फिरू लागला, फ्रिज घुरघुरला. मास्तर आत जाऊन पंख्याखाली आडवे झाले.

बाई नळावरून बादली भरून आल्या. हात ओले होते, सपाता चिखलात भिजल्या होत्या. दार वाऱ्याने लोटलं गेलं होतं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मुठीकडे हात नेला.

"ताई, थांबा."

शेजारच्या गाडीतली बाई लगबगीने आली. तिच्या हातात कापडाची एक जाड पट्टी होती. "मुठीला गुंडाळा. कोरडी ठेवायची, एवढंच."

पट्टीच्या कडा दुमडून मशीनवर नीट शिवल्या होत्या. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. मग रांगेवरून नजर फिरवली. प्रत्येक गाडीच्या मुठीला तशीच पट्टी होती आणि प्रत्येक दारापुढे उभं राहायला एक लाकडी फळी.

अगदी टोकाला एक गाडी बंद पडून होती. तिच्या पायरीतून गवत उगवून दारापर्यंत आलं होतं. तिच्याही मुठीला पट्टी होती, रंग उडालेली.

"त्या गाडीवाल्यांनी तर गुंडाळली होती," बाई म्हणाल्या.

शेजारणीने तिकडे पाहिलं नाही.

"पाऊस झाला होता हो आदल्या दिवशी," ती म्हणाली.

आतून मास्तरांचा आवाज आला, झोपाळू, समाधानाचा.

"अगं, बाहेर काय करतेस? ये ना आत. छान गार झालंय."