ताटावरचं ऊन

वाशीमच्या घरात त्या संध्याकाळी दोघंच होते. जेवता जेवता प्रेमचंदांनी सुनेला, चेतनाला, तिच्या भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांतलं एक कार्ड काढायला लावलं. सूर्य निघाला, खाली पांढऱ्या घोड्यावर हसरं बाळ.

"आनंदच आनंद, बाबूजी!" तिने कार्ड ताटाशेजारी ठेवलं.

सूर्यास्तानंतर प्रेमचंद पाणीही घेत नसत. "आज ऊन जाऊनच नाही राह्यलं," म्हणत त्यांनी खुशीत आणखी एक फुलका मागितला.

उठताना चेतनाने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कधीचे दिवे लागले होते. ऊन फक्त ताटावर होतं.

तिने घाईने कार्ड पालथं घातलं. खोलीत गुडूप अंधार झाला. कोणीतरी खुदकन हसलं.

"चेतना बेटा," प्रेमचंद कौतुकाने म्हणाले, "हे लेकरू कोणाचं बसलं माह्या मांडीवर?"