एक तास बंद

कपाटातली मेणबत्ती वाकली होती. नळाचं पाणी हात पोळवत होतं. पारव्यांनी अंडी तशीच टाकून घरटं सोडलं होतं. बाबांची पाठ घामोळ्यांनी लालेलाल.

सगळ्याचं मूळ एकच खिडकी. बाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या मागच्या खोलीला तेवढी एकच खिडकी, आणि ती उघडायची इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये. त्या उभ्या बोळकांडीत घराघरांचे एसी गरम हवा ओकत होते.

ताईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीने, खिडकीतून मान बाहेर काढली.

"अहो, तासभर तरी बंद करा सगळ्यांनी! माझ्या बाबांना श्वास घेता येत नाहीये."

खिडक्या उघडल्या. सगळे हळहळले.

"करतो की! पण आधी चौथ्या मजल्यावाल्यांना सांगा. त्यांचा दोन टनाचा आहे."

"वा! तुमचा भपका वर येतो म्हणून तर लावावा लागतो!"

"आमच्याकडे नाहीच हो," खालची बाळंतीण तान्ह्याला थोपटत म्हणाली. "आम्ही काय बंद करणार?"

शेवटी ठरलं. ताईने 'तीन' म्हटलं की सगळ्यांनी एकदम बंद करायचे.

तिने मोजलं. एक, दोन, तीन.

जो तो हातात रिमोट धरून कान देऊन उभा. दुसऱ्याचा बंद होतोय का, ते ऐकत. एकही बंद झाला नाही.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" कुणीतरी म्हणालं. खिडक्या धडाधड लागल्या.

"झालं तुझं समाजकार्य?" मागून धाकटा भाऊ म्हणाला. दारात मेकॅनिक भलंमोठं खोकं घेऊन उभा होता. "जग सुधारेपर्यंत बाबा टिकायचे नाहीत, ताई."

ती फाडकन बोलणार होती. पण बाबांच्या छातीचा भाता तिला दिसला. ती बाजूला झाली.

एसी खिडकीतच बसवला. उरलेल्या फटी मेकॅनिकने फळी ठोकून बुजवल्या. खोली गार झाली. बाबांचा श्वास संथ झाला, डोळे मिटले. ताई भिंतीला टेकून बसली.

दार वाजलं. खालची बाळंतीण. खांद्यावर बाळ, रडून रडून थकलेलं.

"ताई, तुमचा तासभर बंद ठेवाल का हो?"

ताईने मागे वळून बाबांकडे पाहिलं.

"करते की," ती म्हणाली. "पण आधी त्या चौथ्या मजल्यावाल्यांना सांग."

हे घर घेण्याआधी बाबांनी दोन घरं नाकारली होती. त्या घरांत मागच्या खोलीला खिडकी नव्हती.