मुरादची ओळ

"बघ, तुझा मित्र काय बोलतोय ते. बघ नीट!" मनोजने मोबाईल अश्विनच्या नाकासमोर धरला.

अश्विन टेम्पोवर बेंजो मांडून बसला होता. खाली नाशिकमधल्या सातपूरचा चौक माणसांनी भरून गेला होता. लढाई थांबून आठवडाही झाला नव्हता आणि मंडळाने विजयाची मिरवणूक काढली होती. मनोज मंडळाचा अध्यक्ष. आवाज मुळातच मोठा, त्यात आज हातात माईक.

मोबाईलमध्ये मुराद होता. कराचीत लग्नाकार्यात बेंजू वाजवणारा मुराद. इकडचा बेंजो आणि तिकडचा बेंजू एकच. तीच लाकडी पेटी, त्याच तारा, टाइपरायटरसारखी तीच बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. दोघांची गाठ पडली ती मोबाईलवरच, आणि पुढे दोघांनी मिळून एक धून बांधली. पहिली ओळ मुरादची, उत्तराची ओळ अश्विनची. प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही, तरी अश्विनला तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटायचा. त्या धुनेचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. याच चौकातल्या पोरांनी तिची रिंगटोन करून घेतली होती.

लढाई पेटली आणि तीच पोरं उलटली. अश्विन गद्दार ठरला. वाजवण्याच्या ठरलेल्या सुपाऱ्या गेल्या. परवा कुणीतरी त्याच्या दारावर काळं ऑइल ओतलं. त्याची बायको चैताली तेव्हापासून लेकीला घेऊन मागच्या खोलीत कडी लावून बसत होती. "अहो, बोलून टाका ना माईकवर," ती सकाळी म्हणाली होती. "शब्दांनी त्याला तिकडे काय होणारे? आपल्याला मात्र इथंच राहायचंय."

तोडगा मनोजनेच काढला होता. भर चौकात सांगायचं, की मुरादशी माझा संबंध नाही. मग बेंजोवर विजयाचं गाणं वाजवायचं. विषय संपला. नाहीतर पुढे पोरं काय करतील याची जबाबदारी मनोज घेणार नव्हता. हे त्याने हसत हसत सांगितलं, म्हणून तर अश्विन जास्त घाबरला.

स्पीकर भिंतीसारखे रचले होते. मघाशी मिक्सर सांभाळणाऱ्या समाधानने चहाचा ग्लास बेंजोवर टेकवला, तर अख्ख्या चौकात 'ठण्ण' घुमलं. बायकापोरं दचकली. "अरे, लढाई संपली ना?" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. अश्विनने समाधानला बेंजोचा आवाज पार बंद करायला लावला.

व्हिडिओतल्या मुरादच्या डोळ्याखाली सूज होती. मागे माणसं उभी होती. मांडीवर बेंजू होता. "नासिकवाले से मेरा कोई वास्ता नहीं," तो म्हणत होता. "वो दुश्मन है हमारा."

"ऐकलंस? थुंकला तो तुझ्यावर! आता तू कशाला लाजतोस?"

अश्विनला मुरादच्या तोंडाकडे बघवेना. नजर खाली गेली, आणि तिथेच खिळली. मुरादची डावी बोटं बटणांवर चालत होती. उजवा हात मोकळा होता, तारा कुणी छेडल्याच नव्हत्या, म्हणून आवाज नव्हता. मागच्या माणसांना वाटलं असेल, घाबरून बोटं चाळवतोय. पण अश्विनला एकेक बटण ठाऊक होतं. ती त्यांच्या धुनेची पहिली ओळ होती. ओळ संपली आणि बोटं थांबली, एरवी उत्तरासाठी थांबायची तशीच.

अश्विनचे डोळे भरून आले. मनोजला वाटलं, अपमान झोंबला. त्याने पाठीवर थाप मारली. "शाब्बास! असं रक्त उसळलं पाहिजे. चला रे, मोबाईल वर करा. हे आज कराचीपर्यंत पोचलं पाहिजे. आणि समाधान, याचं बोलणं संपलं की लगेच गाणं. मध्ये गॅप नको!"

कराचीपर्यंत पोचलं पाहिजे, हे अश्विनलाही पटलं.

चौक शांत झाला. शेकडो मोबाईल वर आले. मनोजने माईक त्याच्या तोंडाशी धरला. अश्विनने नखी खाली ठेवली. उजवा हात सगळ्यांना दिसेल असा छातीवर ठेवला. डावी बोटं बटणांवर टेकवायला अलगद पुढे नेली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच त्याला भीती वाटत नव्हती.

"मुराद नावाच्या माणसाशी माझा काही संबंध नाही," तो म्हणाला. "तो माझा मित्र नव्हता आणि नाही."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. त्या ओसरल्या तशी त्याची बोटं उत्तराच्या ओळीवर चालू लागली.

पण मागे समाधानने मनोजचं ऐकलं होतं. गॅप नको म्हणून त्याने बेंजोचा आवाज आधीच पूर्ण वर नेऊन ठेवला होता. नखीची गरजच उरली नव्हती. बटणं नुसती तारांना टेकली आणि स्पीकरांच्या भिंतीतून एकेक सूर ठण्ण, ठण्ण करत चौकावर पडू लागला.

अश्विनची बोटं जागच्या जागी थिजली.

"अरे, ही तर तीच धून!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आता कुणी हसलं नाही. मनोजचा माईक हळूहळू खाली आला. पुढची पोरं टेम्पोच्या फळीला हात घालून वर चढू लागली. अश्विनला मागच्या खोलीची कडी आठवली. ती फार जुनी होती.

मोबाईल मात्र अजून सगळे वरच होते. आणि ओळ अर्धीच झाली होती.

अश्विनने खाली ठेवलेली नखी उचलली.