वरच्या अंगाची वाळू

शमाल, आखातातला वाळूचा वारा, तीन दिवस वाहिला आणि चौथ्या दिवशी पहाटे एकदम पडला. वारा थांबताच सलमाबादच्या यार्डातला फोन वाजू लागला.

चौऱ्याण्णवचा जून. रस्त्यांवरची वाळू काढायचं कंत्राट असलेल्या कंपनीत कोणता रस्ता आधी मोकळा करायचा, हे चारुलता ठरवायची. ती पुण्याची सिव्हिल इंजिनिअर. टेबलावर एका हाताला फोन, दुसऱ्या हाताला वायरलेस. झल्लाकचा मुख्य रस्ता उघडून झाला होता. आता वाळू ढकलणारा ग्रेडर अशा चौकात उभा होता जिथून दोन फाटे निघत. उजवा समुद्रावरच्या हॉटेलकडे, डावा खजुराच्या मळ्यांकडे.

तिनं फोन उचलला.

"चारू, मी बोलतोय."

विलास, तिचा नवरा, त्याच हॉटेलात मेजवान्यांचा मॅनेजर होता.

"बोल. पटकन बोल, लाइन अडकतेय."

"दुपारी सिंधी शेठच्या मुलीच्या लग्नाचं जेवण आहे. वऱ्हाड मनाम्याहून निघालंय आणि आमच्या फाट्यावर गुडघाभर वाळू आहे. ग्रेडर पाठव."

"मळ्यानंतर."

"मळ्यात आहे कोण? पाच-सहा मजूर! त्यांचा फोन आलाय का तुला?"

"त्यांच्याकडे फोनच नाही. म्हणून तर ते आधी. वारा सुटल्यापासून पाण्याचा टँकर आत गेलेला नाही."

विलासनं आवाज उतरवला. "हे बघ, जीएम माझ्या शेजारी उभा आहे. गोऱ्याला मराठी कळत नाही म्हणून बरं. आज जेवण हुकलं तर माझं खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. आणि तू माझ्याच व्हिसावर आहेस. तुझा व्हिसा गेला की तुझी ती वाळूही गेली. निधीची शाळाही गेली. कळतंय का?"

चारुलताला ते फोन उचलण्याआधीच कळलं होतं. तुबलीतलं घर, अर्ध्यात आलेली मुलीची शाळा, हे टेबल. सगळं एका शिक्क्यावर उभं होतं आणि तो शिक्का विलासच्या पासपोर्टात होता.

"कळतंय," ती म्हणाली. "तुझ्याकडे वेटर किती आहेत?"

"त्याचा काय संबंध?"

"एसीत उभे असतील ना सगळे? लाव कामाला. फावडी नसली तर बिर्याणीच्या पराती आहेत. आणि ऐक, वाळू टाकताना वाऱ्याच्या..."

फोन आपटल्याचा आवाज आला.

तिनं वायरलेस उचलला. "ताहिर, डावीकडे घे."

ग्रेडरवरचा ताहिर परकार दापोलीचा. कंपनीइतकाच जुना. "बाई, उजवीकडं साहेबांचं हाटेल हाय ना?"

"आहे."

"मग?"

"मग डावीकडे. वाळू वाऱ्याच्या खालच्या अंगाला ढकल."

"ती काय वरच्या अंगाला टाकतंय कोण? सांजच्या वाऱ्यानं परत रस्त्यावर यायची." तो हसला. "पण आज घरी जेवाल ना बाई, का डबा पाठवू?"

"ओव्हर," चारुलता म्हणाली.

फोन वाजतच राहिला. एकाला क्लबचा रस्ता हवा होता. एकाचा मामा मोठ्या हुद्द्यावर होता. तिनं दोघांना सारखंच उत्तर दिलं. मध्ये फोन जरा गप्प झाला तेव्हा तिचा हात आपोआप रिसीव्हरकडे गेला. तिनं त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि हात काढून घेतला.

"टँकर आत पोचला बाई," ताहिरचा आवाज आला. "माणसं बरी हायत. एक म्हातारा टँकरच्या नळाखालीच बसलाय, उठायला तयार नाय. आता उजवीकडं?"

"यल्ला, ताहिर. लवकर."

बराच वेळ नुसती खरखर. मग ताहिर परत बोलला, पण आवाज वेगळा होता. "बाई, हितं फाटा अर्धा मोकळा हाय."

"कोणी केला?"

"वेटर लोकांनी. गळ्यात काळे बो आन् हातात पराती. आचारी झारे घेऊन आलेत. वऱ्हाडाच्या गाड्या माझ्या मागं उभ्या हायत. नवरीचा बापपण उतरलाय, बूट हातात घेऊन."

"आणि विलास?"

"सगळ्यात पुढं. कोट नाय, टाय खिशात. त्यांचा जीएमपण हाय शेजारी. परात उलटी धरलीय त्यानं, पण वाळू काढतोय. दोघं हसतायत, बाई."

चारुलता खुर्चीत मागे टेकली. सकाळपासून ती टेकली नव्हती.

"पातं खाली घे," ती म्हणाली. "उरलेला अर्धा तुझा."

वायरलेसवर इंजिनाची घरघर भरून राहिली. मग हॉर्न ऐकू आले, एकामागून एक, लग्नातले. कुणीतरी ताहिरच्या हातातून माइक घेतला.

"चारू." विलासला धाप लागली होती. "पहिली गाडी पोर्चमध्ये लागली. जेवण वेळेवर आहे. जीएम म्हणतो, ही आयडिया कोणाची? मी सांगितलं, माझी."

"बरं केलंस. वाळू कुठल्या अंगाला टाकलीत?"

पलीकडे हॉर्न वाजत राहिले.

"विलास?"

"वरच्या," विलास म्हणाला. "जवळ होती ती बाजू."

चारुलतानं खिडकीतून पाहिलं. यार्डाच्या फाटकावरचं झेंड्याचं टोक नुकतंच हलायला लागलं होतं.

"ताहिरकडे दे," ती म्हणाली. "ताहिर, संध्याकाळी हॉटेलचा फाटा परत घ्यावा लागेल."

"घेतो. कितवा धरू?"

"शेवटचा."