घोड्यावरचा टॅक्स

सानपाडा गावातल्या गोजराचा सगळा संसार रेसच्या घोड्यांनी खाल्ला. नवरा गोटीरामने आधी बकऱ्या विकल्या, मग तिच्या पाटल्या. आता सरकारने घेतलेल्या शेताच्या बदल्यात मिळालेला प्लॉट तेवढा उरला होता, आणि त्याचे कागद गोटीराम उशाखाली घेऊन झोपायचा.

"त्यो तरी पोरांना ठेवा! घोरा काय घर बांधून देनार हाय?" गोजरा रडून रडून थकली.

शेवटी तिने गावातल्या बाया गोळा केल्या आणि मंत्रालयावर मोर्चा नेला. मागणी एकच. रेसच्या पैजेवरचा टॅक्स इतका वाढवा, की जिंकलेला माणूससुद्धा रडत घरी आला पाहिजे! पानटपरीवाल्या बंडूशेठने टेम्पो दिले, वर वडापाव फुकट. "वयनी, पुन्याचं काम हाय," म्हणाला. खाडीपुलावर बाया अशा काही ओरडल्या, की खाली बसलेले बगळे उडाले ते थेट उरणला जाऊन टेकले. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा. सरकारही घाबरलं, टॅक्स वाढला.

गोटीरामने महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणंच सोडलं. गोजराने गावदेवीची ओटी भरली आणि पहिला पेढा बंडूशेठला द्यायला त्याची टपरी गाठली.



टपरीमागे ही रांग लागलेली, सगळ्यात पुढे प्लॉटचे कागद घेऊन गोटीराम, आणि बंडूशेठ त्याला सांगत होता, "लाव बिनधास्त, आपल्याकडे टॅक्स नाय!"