अर्थिंगचा नट

चावी फिरवली की नुसती टकटक, आणि हॉर्न दाबला की दिवे मिणमिणे. आप्पांनी बॉनेट उघडलं.

"अर्थिंग," ते बायकोला म्हणाले. "बॅटरीतला करंट बॉडीतून परत यायला हवा. ही काळी वायर बॉडीला घट्ट नसली, की सगळंच बोंबलतं."

"मग काय करायचं?"

"गंज खरवडायचा, नट आवळायचा. मघाशीच सांगितलं की तुला."

"सांगितलंत खरं." ती पायरीवर बसून स्वेटरची घडी घालत होती. शेजारी भरलेली बॅग.

आप्पांनी बॅगेकडे पाहायचं टाळलं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, विसरण्याचा हा आजार आता घरी सांभाळता यायचा नाही. संस्थेत खोली ठरली होती. बायकोला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. चार दिवस हवापालटाला जायचंय, एवढंच घरात बोललं जात होतं. जायचं ते आपल्याच जुन्या गाडीनं, हा हट्ट मात्र आप्पांचा. गाडी सुरू झाली नाही, तर आजचं जाणं टळेल, असं मनात आलं आणि तसंच निघून गेलं. आत काही हलतच नव्हतं.

त्यांनी कानस घेतली. पण गंज होताच कुठे? वायरीखालचा पत्रा घासून घासून लख्ख झाला होता. नटही जागेवर नव्हता.

"नट कुठे ठेवलास?"

"तुमच्या खिशात बघा."

खिशात होता. हल्ली काहीही कुठेही ठेवते, त्यांच्या मनात आलं. बोलून काय उपयोग? त्यांनी पान्यानं नट आवळला, पाना खिशात टाकला.

स्टिअरिंगवर बसलेल्या लेकीनं चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"गाडी तुमचं बरं ऐकते हो, बाबा," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मागच्या सीटवर बायको त्यांचे काळे झालेले हात रुमालानं पुसत राहिली.

"घाबरू नकोस," आप्पा हळूच म्हणाले. "मी रोज येईन भेटायला."

"हो," ती म्हणाली.

फाटकापाशी गाडी थांबली. संस्थेतली सेविका लगबगीनं आली आणि तिनं आप्पांच्या बाजूचं दार उघडलं.

"या आजोबा, सावकाश. तुमची खोली तयार आहे."

बायकोनं त्यांच्या खिशातला पाना काढून घेतला, आणि स्वेटर त्यांच्या खांद्यांवर घातला.