पाचवा पॉइंट

तलवारीचं टोक भुजंगच्या छातीवर बसलं. गुलाबच्या मनगटाला झटका लागला, पातं कमानीसारखं वाकलं आणि कटकन मोडलं.

"नाई लागलं," जाळीच्या मुखवट्यामागून भुजंग म्हणाला.

चार-चार पॉइंट झाले होते. पाचवा घेईल तो राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होता. शहाऐंशी साली वडशात तलवारबाजी हा खेळ कोणी ऐकलाही नव्हता. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी कुठल्याशा शिबिरातून दोन जुन्या तलवारी आणल्या. चांगली भुजंगला दिली, कारण खेळ त्याच्या बापाच्या, केवळरामशेठच्या, धानगिरणीच्या खळ्यावर चालायचा. गुलाबच्या तलवारीच्या टोकावरचं बोंड गळून पडलेलं. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. गुलाबची आई बायनाबाई त्याच गिरणीत धान पाखडायची.

पहिल्या दिवशीच सरांनी नियम सांगितला होता. टोक इतक्या झटक्यात लागतं की पंचाला बहुतेकदा दिसत नाही. ज्याला लागतं त्याला मात्र कळतं. त्यानं स्वतःच हात वर करायचा. यातच या खेळाची इज्जत.

गुलाब दर वेळी हात वर करायचा. भुजंगनं एकदाही केला नाही. बौद्धाच्या पोरानं आपल्याला मारलं हे कबूल करायचं म्हणजे त्याची जीभच झडली असती. गुलाबचे चारही पॉइंट सरांच्या डोळ्यांदेखत झाले म्हणून मिळाले. बाकीचे भुजंगनं गिळले. वरून हसायचा, डुकरं हाकलल्यासारखा खेळते बे तू, म्हणायचा.

"पातं मोडलं ना, सर," गुलाब म्हणाला. "हवेत मोडते का पातं?"

सरांनी केवळरामशेठकडे पाहिलं. शेठ खुर्चीत बसून पान चघळत होता. खेळाडू नाही म्हणतो म्हणजे नाही, सर म्हणाले, आधी मोडलेला तुकडा शोधा, कोणाच्या पायात घुसेल.

हमाल कोंड्यात वाकले. सरही वाकले. गुलाब वाकला नाही. तो भुजंगकडे पाहत होता. भुजंगनं डावा हात छातीशी घट्ट दाबून धरला होता. गादीच्या कापडाच्या पांढऱ्या जाकिटावर, हाताखालून, लाल डाग पसरत होता.

"हात वर कर बे," गुलाब म्हणाला. "दवाखान्यात नेऊ तुले."

"नाई लागलं," भुजंग म्हणाला, आणि गुडघ्यांवर कोसळला. तुकडा त्याच्या बरगडीत होता.

मग सगळी गिरणी गुलाबवर तुटून पडली. कोणी मुखवटा ओरबाडला. केवळरामशेठनं पायातल्या जोड्यानं तोंड फोडलं. पोती ओढायचा लोखंडी आकडा पाठीत बसला, तलवार धरायचा हात दारूच्या नशेतल्यासारखा लोंबू लागला. बायनाबाई मध्ये पडली, तर तिच्याच हातातलं सूप हिसकून तिच्या डोक्यावर तोडलं. गुलाबचे दात कोंड्यात पडले. ते कोणी शोधले नाहीत.

पोलीस जमादार आला तेव्हा गुलाबला सुतळीनं खांबाला बांधलेलं होतं. भुजंगला जीपमध्ये घालत होते. तो अजून शुद्धीवर होता. जमादारानं सगळ्यांना विचारलं,

"याची तलवार त्याले लागली, हे कोणाकोणाले मंजूर हाय? हात वर करा."

पहिला हात केवळरामशेठचा. मग हमालांचे. मग सरांचा, मान खाली घालून. शेवटी जीपमधून भुजंगनंही हात वर केला. जन्मात पहिल्यांदा.

गुलाबनं रक्त थुंकलं. सगळे हात नीट पाहून घेतले.

"सर," तो म्हणाला, "मंग आता पाचवा पॉइंट लिवा."